उघड्या बॉनेटचा कारागीर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे आणि गॅरेजमागच्या दोन खोल्यांत त्याचा मालक राहतो. त्याला सगळे हमखास म्हणतात. हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलंय. हा पार्ट बसेल का, असं कुणी विचारलं की गाडीकडे न बघताच तो म्हणतो, हमखास. गाडी चालेल? हमखास. उद्या मिळेल? हमखास. उद्या ती मिळत नाही हेही तितकंच हमखास असतं, पण त्या बाबतीत तो मौन पाळतो.

मी त्याला त्याच्या लग्नाआधीपासून ओळखतो. म्हणजे त्याच्याविषयी वाईट बोलण्याचा माझा हक्क गल्लीत सर्वांत जुना आहे.

त्याचा बाप चष्मे बनवायचा. फार मोजूनमापून वागणारा माणूस. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून वरची रास बोटानं सपाट करायचा. अशा बापाच्या पोटी जन्मलेल्या पोरानं मोजमापाचा सूड घ्यायचं ठरवलं असावं. हमखासच्या गॅरेजात हातोड्या आहेत, कानशी आहेत, पाने तर पोत्यानं आहेत. पण मोजपट्टी मागा, तो स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवील. ‘ही काय पट्टी.’ त्या पट्टीवर आकडे कुणी छापले होते ते त्यालाच ठाऊक.

त्या डोळ्यानं त्यानं लग्नानंतर घरात कपाट आणलं. ते खिडकी आणि भिंत यांच्यामध्ये बसेना. मग त्यानं कपाटाची वरची नक्षीदार पट्टी करवतीनं उडवली. कपाट बसलं, पण दार उघडताना पलंगाला लागायला लागलं. मग पलंग सरकवला, तर पलंगाचा पाय मोरीच्या कट्ट्याला भिडला. शहाण्या माणसानं इथे थांबून कपाट परत केलं असतं. यानं पलंगाचा पाय कापला आणि त्याखाली वीट दिली. वीट कमी पडली. तेव्हापासून त्याची बायको उताराच्या बाजूला झोपते. एक वस्तू दुसरीला लागली की हा माणूस तिसरीला कापतो. त्याच्या सगळ्या आयुष्याचं सार या एका ओळीत आलं, आणि मी इथेच थांबलो असतो. पण मग मेहुण्याच्या व्हॅनची गोष्ट राहून जाईल, आणि ती राहू देण्याइतका मी अजून सज्जन झालेलो नाही.

मेहुणा म्हणजे हमखासच्या बायकोचा थोरला भाऊ. धंद्यानं ड्रायव्हर. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, म्हणून त्याला सगळी गल्ली ड्रायव्हरदादा म्हणायची. हा हमखासच्या अगदी उलट. मिशी रोज विंचरणार, सीटवर स्वतःची उशी ठेवणार, आणि पातळ तळव्याचे जुने बूट घालणार, कारण पेडल पायाला कळलं पाहिजे असं त्याचं मत. चालवणं इतकं हळू की समोरून गोगलगाय चालली असेल तर तिला आधी जाऊ देईल. शाळेतली मुलं त्याला कंटाळायची. सायकलवाले त्याला मागे टाकून जाताना वळून हात करायचे. तो मनावर घ्यायचा नाही. गाडीत मुलं असतात, एवढंच म्हणायचा.

तर या व्हॅनचा कार्बुरेटर मेला. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला पाजणारं भांडं. व्हॅन जुनी, तिच्या जातीचा कार्बुरेटर बाजारात मिळेना. हमखासनं भंगारातून दुसऱ्या, थोराड गाडीचा एक उचलून आणला. मेहुण्यानं विचारलं, हा हिला बसेल का. पुढचं उत्तर तुम्हीच म्हणा.

हमखासचं नशीब असं की त्या परक्या कार्बुरेटरची चारही भोकं व्हॅनच्या मॅनिफोल्डवरच्या स्टडांवर, म्हणजे उभ्या आटेदार खिळ्यांवर, बरोबर उतरली. मॅनिफोल्ड म्हणजे भांड्यातलं ते कालवण इंजिनाच्या घशाशी नेणारी फाटेदार नळी. तिच्या डोक्यावर हे भांडं बसतं. भोकं जुळल्यावर हमखासला वाटलं, पत्रिकाच जुळली. त्यानं सगळ्या गल्लीला बोलावून ती भोकं दाखवली. मीही बघून आलो. भोकं खरंच जुळत होती. पत्रिका जुळून फसलेले संसार त्या घोळक्यात निदान तीन तरी उभे होते.

नट आवळल्यावर गंमत सुरू झाली. नव्या कार्बुरेटरचं पोट मोठं. ते मॅनिफोल्डच्या एका फाट्यावर टेकलं. शिवाय कार्बुरेटरच्या तळाशी हवेसाठी उघडझाप करणारी एक गोल चकती असते, तीही मोठी. हातात धरून फिरवली तर छान फिरायची. नट आवळले की तिची कड मॅनिफोल्डच्या अरुंद तोंडावर घासायची आणि अर्ध्यात अडकायची. यावर रस्ता सरळ होता. मॅनिफोल्डचं तोंड आतून तिरकं घासून जरा रुंद करायचं, मध्ये मोठ्या भोकाचा पातळ ठोकळा द्यायचा, आणि वर किती जागा उरली ते बघायचं. हे मला कसं माहीत, असं विचाराल. गल्लीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. तिथे बसून दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हेच आमचं शिक्षण.

हमखासनं तोंड घासलं नाही. त्यानं कार्बुरेटर उचलला. आधी खाली जाड पॅकिंग दिलं. नाही सुटलं. दुसरं दिलं. मग वैतागून अ‍ॅल्युमिनियमचा दोन बोटं जाडीचा ठोकळा कापून त्याला भोक पाडलं आणि तो मध्ये घातला, त्यासाठी लांब स्टड लावले. खालच्या अडचणी फटक्यात संपल्या. पोट सुटलं, चकती मोकळी फिरायला लागली. इंजिन असं गुरगुरलं की हमखासनं कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. कौतुक करावं लागलं. आम्ही केलं. खोटं बोलायला आम्ही मागे हटत नाही.

आता दोन बोटं खालून वाढली की ती वर कुठेतरी निघणारच. बॉनेट लागेना. हवा गाळणारा गोल डबा बॉनेटच्या पत्र्याला लागत होता. हमखासनं डबा काढून बाजूला चपटा फिल्टर टांगला. मग बॉनेट लागलं. म्हणजे त्यावर कुल्ले टेकवून भार दिल्यावर लागलं. मेहुण्यानं विचारलं, हे असं रोज बसून लावायचं का? हमखास म्हणाला, नवीन काम आहे, सैल होईल. पत्रा सैल होतो हा शोध त्यानं तिथल्या तिथे लावला.

इथे त्याचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्या नियमातून निघाला. चालू इंजिनावर बॉनेट लावायचं नाही. इंजिन गुदमरतं, असं त्याच्या उस्तादानं त्याला कधी काळी सांगितलेलं. जगातल्या सगळ्या गाड्या बॉनेट लावूनच चालतात, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण गॅरेजात गाडी तपासायची ती बॉनेट उघडं ठेवून, आणि लावायचं ते इंजिन बंद करून. त्याच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही गाडीचं इंजिन झाकलेलं असताना कसं वागतं, हे त्यानं कधीच बघितलेलं नव्हतं. लोकांच्या संसाराबद्दल आपली माहिती असते तशीच त्याची इंजिनाबद्दलची. दार उघडं असेल तेवढीच.

व्हॅन गेली. थोडे दिवस बरे गेले. मग एके सकाळी शाळेच्या फाटकासमोरच्या उंचवट्यावरून चाकं उतरली आणि व्हॅन एकदम पिसाळली. दादानं पाय काढला तरी इंजिन किंचाळत राहिलं. त्यानं ब्रेक दाबला, किल्ली बंद केली. व्हॅन सायकलींच्या स्टँडला धडकून थांबली. कुणाला काही लागलं नाही. मुलांना तर इतका आनंद झाला की पुन्हा, पुन्हा, असा त्यांनी धोशा लावला. पालक मात्र फाटकाशीच उभे होते.

व्हॅन ओढत हमखासकडे आली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. शांत. कार्बुरेटरवरची, चकती फिरवणारी दांडी दाबली, सोडली. दांडी परत जागेवर. अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला तेल दिलं, लागत नव्हतं तरी दिलं. मग पायाकडे बघितलं. मेहुण्याच्या पायाकडे. असं बघितलं की पाय मागे घ्यावा.

आठवड्याभरानं पुन्हा तेच. तोच उंचवटा, तेच किंचाळणं. या वेळी शाळेचा माळी कुंडीसकट बाजूला उडाला; माणूस वाचला, कुंडी गेली. पुन्हा हमखास, पुन्हा उघडं बॉनेट, पुन्हा गरीब गाईसारखं इंजिन.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती मी आत्ताच सांगून टाकतो, कारण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात मला रस नाही. मला रस आहे तो हमखासच्या फजितीत. कार्बुरेटरच्या खांद्यावर एक लोखंडी दांडी असते. पेडल दाबलं की ती फिरते आणि चकती उघडते. कार्बुरेटर दोन बोटं वर चढल्यावर ही दांडी बॉनेटच्या आतल्या आडव्या पट्टीच्या अगदी नाकाशी आली होती. बंद इंजिनावर बॉनेट लावलं तर ती जेमतेम चुकायची. पण चालू इंजिन थरथरत असतं; त्यात गाडी उंचवट्यावर आपटली की ते आणखी हलायचं, दांडी त्या पट्टीच्या कडेला अडकायची आणि तशीच उघडी राहायची. बॉनेट वर केलं की पट्टीही वर जायची, दांडी टक् करून सुटायची. म्हणजे पुरावा शोधायला हा जे करायचा त्यानंच पुरावा पळून जायचा. ते टक् त्यानं दोन्ही वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, पत्रा तापलाय. दुसऱ्यांदा काहीच वाटलं नाही.

इथवर मूर्खपणा म्हणून सोडून देता आलं असतं. मूर्खपणावर मी माणूस वाईट ठरवत नाही. मग बोलायला उरेल कोण? पण शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला फोन केला. व्हॅनमध्ये काही दोष आहे का, असं सरळ विचारलं. आणि आमच्या या वीरानं काय उत्तर दिलं ते गॅरेजबाहेरच्या बाकावर बसलेल्या आम्हा चौघांनी ऐकलं. तो म्हणाला, ‘गाडीत दोष हमखास नाही. पायाबद्दल मी बोलणार नाही, घरातलं माणूस आहे.’

बघा आता. पायाबद्दल बोलणार नाही, असं म्हणून पायाबद्दल जेवढं बोलता येतं तेवढं एका वाक्यात बोलून झालं. वर घरच्या माणसाची लाज राखल्याचा मानही घेतला. असं वाक्य सुचायला डोकं लागतं. तेवढं डोकं कार्बुरेटरला लावलं असतं तर!

बाईंनी ते पालकांच्या कमिटीपुढे ठेवलं, कमिटीनं ते आपापल्या घरी नेलं, आणि दोन दिवसांत प्रत्येक थांब्यावरच्या आईबापांना कळलं की ड्रायव्हरदादाचा पाय ताब्यात राहिलेला नाही. कुणी म्हणालं वय झालं. कुणी म्हणालं बाटली. त्या माणसानं आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन ठेवून दिलेलं, पण बाटली म्हणणाऱ्याला वास कशाला हवा! कमिटीनं ठरवलं, दादानं घरी बसावं. पुढच्या सोमवारपासून नवा ड्रायव्हर येईल.

दादा घरी बसला. आणि हे मला त्याच्याच बायकोनं सांगितलं म्हणून लिहितो: तो स्टुलावर बसून उजवा पाय जमिनीवर दाबायचा आणि उचलायचा. दाबायचा, उचलायचा. भाजी निवडत ती समोर बसायची आणि तो तिला विचारायचा, बघ, उचलला ना मी? ती म्हणायची, उचलला. तो म्हणायचा, नीट बघ. डॉक्टरकडे जाऊन त्यानं गुडघ्यावर हातोडी मारून घेतली. पाय उडाला. डॉक्टर म्हणाले उत्तम. पण आपला पाय आपलं ऐकत नाही असं एकदा माणसाच्या मनात भरवलं की डॉक्टरची हातोडी काय करणार? रस्ता ओलांडताना तो पायाकडे बघून चालायला लागला. मिशी विंचरायचं सोडलं.

इकडे हमखासच्या घरात बायको बोलेनाशी झाली. ती तशी बोलकी बाई. नळाला पाणी आलं नाही तरी नळाशी दोन वाक्यं बोलणारी. आता ताट वाढायची ते ठक् करून. एकदा फक्त विचारलं तिनं, तुमची खात्री आहे ना? त्यानं नेहमीचा शब्द उच्चारला. ती म्हणाली, लग्नानंतर कपाटाबद्दलही हेच म्हणाला होतात, आणि उताराकडे तोंड करून झोपली.

रविवारी दादा व्हॅनमधलं आपलं सामान न्यायला गॅरेजात आला. सोमवारी चावी दुसऱ्याच्या हाती जायची होती. सामान म्हणजे काय, उशी, कंगवा, आरसा पुसायचं फडकं. हमखासनं त्याला उगाच दुखावल्यासारखं वाटू नये म्हणून, किंवा स्वतःचं मन राखायला, व्हॅन सुरू करून ठेवली होती. बॉनेट उघडं, इंजिन गुरगुरतंय. बघा दादा, काही आहे का यात, तुम्हीच बघा. दादा उशी काखेत धरून बघत राहिला. यात काहीच नव्हतं. त्याचा चेहरा आणखी उतरला. तेवढ्यात कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला आणि आवाजामुळे ऐकू येईना म्हणून हमखास फोन घेऊन मागच्या खोलीत गेला.

गॅरेजच्या मागेच स्वयंपाकघर. पेट्रोलचा धूर आत शिरत होता, आणि दोरीवर धुतलेले कपडे होते. हमखासची बायको बाहेर आली. तिला वाटलं, झाकण टाकलं तर धूर जरा तरी कमी होईल. नवऱ्याचा नियम तिला ठाऊक होता; त्या दिवशी तो मोडण्यातही तिला थोडं सुख असावं असा माझा संशय आहे. तिनं बॉनेटची काठी काढली, पत्रा खाली आणला आणि नवऱ्यानं शिकवलं होतं तसा कुल्ल्यांचा भार देऊन तो दाबून लावला.

व्हॅन किंचाळली.

बाई घाबरून दोन पावलं मागे झाली. वळून बघते तर भाऊ शेजारीच उभा. काखेत उशी. दोन्ही पाय जमिनीवर, पातळ तळव्याच्या बुटांत. व्हॅनमध्ये कुणीही नाही. तिनं भावाच्या पायांकडे बघितलं. भावानंही आपल्या पायांकडे बघितलं. आम्ही बाकावरचे चौघे उठून उभे राहिलो आणि आम्हीही पायच बघितले.

हमखास फोन टाकून धावत आला. त्यानं काय केलं असेल? बॉनेट उघडलं. टक्. इंजिन शांत. आणि मग बायकोवर ओरडला, चालू इंजिनावर झाकण कुणी टाकायला सांगितलं, गुदमरतं ते.

तिनं पुढे होऊन पुन्हा बॉनेट खाली घेतलं आणि दाबलं. पुन्हा किंकाळी. वर केलं. शांत. खाली, किंकाळी. वर, शांत. एखाद्या पेटाऱ्यात जनावर आहे का नाही हे बघावं तसं तिनं ते चारदा केलं, न रागावता. चौथ्यांदा ती दांडी पट्टीखालून सुटताना हमखासला दिसली. त्याचं बोट आपोआप तिकडे गेलं आणि अर्ध्यात थांबलं.

त्यानं आधी आमच्याकडे बघितलं. आम्ही किती ऐकलंय याचा तो अंदाज घेत होता. मग हळू आवाजात मेहुण्याला म्हणाला की इंजिनाची रबरं बसली असतील, बॉनेटची पट्टीही कंपनीनं जरा खाली दिलीय, आज संध्याकाळपर्यंत मी सगळं करून देतो, उद्यापासून गाडी लोण्यासारखी. फक्त हे चार भिंतींत राहू दे, गॅरेजचं नाव आहे. आणि तुमच्यासाठी कमिटीकडे मी शब्द टाकीन, पाय आता बरा झालाय म्हणून.

पाय आता बरा झालाय म्हणून! माणसाच्या निर्लज्जपणाला तळ असतो अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कळलं, त्या तळाखालीही दोन बोटं जागा उरते.

ड्रायव्हरदादा आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता. तेव्हाही बोलला नाही. त्यानं उशी सीटवर परत ठेवली, नीट थापटली, आणि म्हणाला, ‘भावोजी, गाडीची घाई नाही. आधी माझा पाय दुरुस्त करा.’

बायको म्हणाली, ‘आत्ता जा. मी येते बरोबर.’

मोठ्या बाई शाळेच्याच आवारात राहायच्या. हमखास गेला. पुढचं त्याच्या बायकोकडून आलंय, तेव्हा त्यात पदरचं काही असेल तर ते तिचं. त्यानं बाईंना सुरुवातीपासून सगळं सांगितलं, म्हणजे भोकं कशी जुळली इथपासून. पट्टी, रबरं, भंगारवाला, हवामान. बाई ऐकत राहिल्या. शिक्षिका त्या, गृहपाठ न केलेल्या मुलाची गोष्ट किती लांब असते हे त्यांना पाठ होतं. शेवटी त्यांनी विचारलं, म्हणजे पायाचा दोष नव्हता? हमखास म्हणाला, तसं बघायला गेलं तर. बाई म्हणाल्या, तसं बघू नका, सरळ बघा. तो म्हणाला, नव्हता.

मग बाई म्हणाल्या, ठीक आहे, दादा उद्यापासून कामावर. पण मला सांगून भागणार नाही. तुमचं बोलणं सगळ्या थांब्यांवर पोचलंय. उद्या सकाळी तुम्ही व्हॅनमध्ये बसा आणि प्रत्येक थांब्यावर उतरून पालकांना हेच सांगा. नाहीतर पालक मुलं बसवणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

त्या संध्याकाळी गॅरेजात जे काम झालं तसं तिथे कधी झालं नव्हतं. दादा स्टुलावर बसून होता. हमखासनं दोन बोटांचा ठोकळा काढला. मॅनिफोल्डच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, कीस आत पडू नये म्हणून, आणि तोंड आतून तिरकं घासलं. पोट टेकत होतं तो फाटा कानशीनं थोडा उतरवला. मोठ्या भोकाचा पातळ ठोकळा दिला. नट आवळून चकती फिरवून बघितली. वरची दांडी कापून आखूड केली. हे सगळं करताना त्यानं चारदा सांगितलं की त्याच्या मनात पहिल्यापासून असंच करायचं होतं.

काम झाल्यावर दादा म्हणाला, आता बॉनेट लावून दाखवा. हमखासनं सवयीनं किल्लीकडे हात नेला, इंजिन बंद करायला. दादा म्हणाला, राहू दे चालू. हमखासनं दांडीच्या टोकावर आणि कार्बुरेटरच्या डोक्यावर पुट्टीचे गोळे चिकटवले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चालू इंजिनावर बॉनेट लावलं. इंजिन गुदमरलं नाही. उघडून बघितलं तर गोळे जसेच्या तसे, एकालाही पट्टीचा वळ नाही. तरी दादानं व्हॅन शाळेपर्यंत नेली आणि त्या उंचवट्यावरून हव्या तितक्या वेळा आपटवून आणली. त्याच्याबरोबर बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्याची बहीण बसली.

सोमवारची हकिगत दादानं आम्हाला बाकावर बसून सांगितली, मिशी विंचरून. पहिल्या थांब्यावर हमखास उतरला आणि त्यानं पालकांना व्याख्यान दिलं. मॅनिफोल्ड म्हणजे काय, पट्टी कुठे असते, परदेशात बॉनेट कसं बनवतात. पालक घड्याळ बघायला लागले. एका आईनं विचारलं, अहो पण चूक कुणाची? तो म्हणाला, कंपनीची. दादानं व्हॅन सुरू केली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत बसून राहिला. मुलं ओरडायला लागली, उशीर होतोय. शेवटी हमखास पुन्हा खाली उतरला आणि म्हणाला, बसवताना माझ्याकडून थोडं वर बसलं. व्हॅन निघाली.

दुसऱ्या थांब्यावर व्याख्यान अर्धं झालं. तिसऱ्यावर परदेश गळाला. चौथ्यावर मॅनिफोल्ड गेलं. प्रत्येक थांब्यावर दादा किल्लीला हात न लावता बसायचा, आणि वाक्य पुरतं सरळ झालं की निघायचा. लोखंड घासावं तसं ते वाक्य घासून घासून उतरत गेलं. मुलं तोवर बाजू घेऊ लागली होती. हमखास उतरला की आतून आवाज यायचा, काका, लवकर सांगा.

शेवटच्या थांब्यावर पोचेपर्यंत त्याच्याजवळ तीनच शब्द उरले होते. तिथे पालक म्हणून एकटे आजोबा उभे होते, नातीचं दप्तर धरून, कानानं अधू. हमखासला वाटलं, सुटलो. त्यानं पुटपुटून घेतलं. आजोबांनी हात कानामागे धरून विचारलं, काय म्हणालात?

हमखासनं मागे बघितलं. दादा समोरच्या काचेतून रस्ता बघत होता, हात मांडीवर. तो बघून हमखास आजोबांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, ‘चूक माझी होती.’

आजोबांना तेव्हाही ऐकू आलं का, कोण जाणे. पण मुलांना आलं. सगळी व्हॅन एका सुरात त्याच्यासाठी ते पुन्हा ओरडली, आजोबांनी मान हलवली, नात आत चढली, आणि दादानं आपल्या नेहमीच्या गोगलगायीच्या चालीनं व्हॅन काढली.